करमणुकीतील खोटी साक्ष

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीचा एक तरुण शिक्षणासाठी खेड्यातून पुण्यास गेला. वसतिगृहात त्याच्या शेजारच्या खोलीत आफ्रिका खंडातून आलेला एक विद्यार्थी राहत असे. पहिले दोन महिने आमचा हा तरुण रात्री दाराला आतून कडी लावी आणि शिवाय दाराशी ट्रंक सरकवून मगच निजे. कारण विचारता त्याने खाली मान घालून आम्हांस सांगितले की, लहानपणापासून चित्रपटांत जे आफ्रिकी लोक त्याने पाहिले होते, ते सर्व भाले घेऊन नाचणारे आणि परक्या माणसास मोठ्या हंड्यात शिजविणारे होते. पुढे एके दिवशी खाणावळीत दोघांस एकाच बाकावर बसण्याचा प्रसंग आला. तो आफ्रिकी विद्यार्थी वाटीतील रश्श्याकडे बराच वेळ साशंकपणे पाहत राहिला आणि शेवटी भीत भीत म्हणाला, "तुमच्या देशात माकडाचा मेंदू खातात म्हणे, तो ह्यात नाही ना?" त्यानेही लहानपणी एक चित्रपट पाहिला होता.

ही हकीकत ऐकून आम्ही प्रथम पोट धरून हसलो. परंतु घरी परतताना तिचा विचार करू लागलो, तेव्हा ते हसू मावळले. दोन निरपराध मुले एका भिंतीच्या दोन बाजूंस एकमेकांस भिऊन निजत होती. त्यांपैकी एकानेही दुसऱ्याचे काही वाईट केले नव्हते. आणि ज्या चित्रांमुळे ती भीत होती, ती चित्रे ना हिंदुस्थानात तयार झाली होती, ना आफ्रिकेत. दोघांचीही चित्रे कोणा तिसऱ्यानेच काढली होती आणि दोघांनीही पैसे मोजून ती विकत घेतली होती.

ह्यावरून जो प्रश्न उद्भवतो, तो आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो. शेजाऱ्याविरुद्ध चावडीवर किंवा कचेरीत खोटी साक्ष देणे हा अपराध आहे, हे सर्वांस मान्य आहे. परंतु जे असत्य सांगताना सांगणाऱ्याच्या मनात वैर नाही, जे ऐकताना ऐकणाऱ्याची घटकाभर करमणूक होते आणि ज्याच्याविषयी ते सांगितले जाते तो मनुष्य हजारो कोसांवर आहे, तेही खोट्या साक्षीत मोडते काय? पुष्कळ लोक म्हणतील, "छे! तो तर नुसता खेळ." आमचे मत तसे नाही, आणि ते का नाही, हे आम्ही क्रमाने सांगू इच्छितो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. सन १९३९ मध्ये अमेरिकेत 'गंगा दीन' नावाचा एक साहसपट निघाला. रुडयार्ड किपलिंग ह्यांच्या एका कवितेवरून त्याचे नाव घेतले होते. त्यात हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील तीन इंग्रज शिपाई आणि त्यांस पाणी पाजणारा एक स्वामिनिष्ठ भिस्ती ह्यांची कथा असून, त्यांच्याविरुद्ध कालीच्या नावाने गळे आवळणाऱ्या ठगांची प्रचंड टोळी उभी केली आहे. ज्या डोंगरांस पाहून प्रेक्षक ते सरहद्दीचे डोंगर समजत, ते वस्तुतः कॅलिफोर्नियातील लोन पाइन गावाजवळचे होते. भिस्ती झालेले सॅम जॅफे हे अमेरिकन नट होते आणि ठगांचा गुरू झालेले एदुआर्दो चानेल्ली हे जन्माने इटालियन होते. दोघांच्याही अंगास काळा रंग फासलेला होता. त्या कथेत चांगला हिंदी मनुष्य कोण, तर जो साहेबासाठी प्राण देतो तो. आणि वाईट कोण, तर जो साहेबास विरोध करितो तो. तिसऱ्या प्रकारचा हिंदी मनुष्य, म्हणजे शेत नांगरणारा, मुलांस शाळेत धाडणारा, घरपट्टी भरून दमलेला, तो त्यात कोठेच नाही. हा चित्रपट येथे येताच वृत्तपत्रांनी त्याचा कडक निषेध केला आणि मुंबई व बंगाल येथे त्यावर बंदी घालण्यात आली. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९३८ मध्ये, 'द ड्रम' ह्या इंग्रजी चित्रपटाविरुद्धही मुंबईत मोठी निदर्शने झाली होती.

कोणी म्हणेल की, तो परकीय राज्याचा काळ होता आणि राज्याबरोबर ती दृष्टीही गेली असेल. तसे झाले नाही. स्वराज्य मिळून ३७ वर्षे लोटल्यावर, १९८४ मध्ये, इंडियाना जोन्स नावाच्या साहसी प्राध्यापकाचा दुसरा चित्रपट निघाला. तो १९३५ सालच्या हिंदुस्थानात घडतो असे दाखविले आहे. त्यात एका राजवाड्यातील मेजवानीत जिवंत सापांची पिले, भुंगेरे, डोळे तरंगणारे सार आणि शेवटी माकडाचा थंड केलेला मेंदू वाढितात. वाड्याखालील भुयारात कालीपुढे जिवंत माणसाचे हृदय हाताने उपटून काढितात. आणि गावातील पळवून नेलेली मुले सोडविण्यास अखेर अमेरिकेहून आलेला मनुष्यच लागतो. भारत सरकारास ही संहिता अपमानकारक वाटली. तिच्यात फेरफार झाल्यावाचून सरकार येथे चित्रीकरण करू देईना, म्हणून ते श्रीलंकेत जाऊन करण्यात आले. आमच्या खाणावळीतील त्या परदेशी मुलाने लहानपणी पाहिलेला चित्रपट तो हाच.

ह्यावर पहिला आक्षेप असा की, ठग काही कल्पित नव्हते. इंग्रज अधिकारी स्लीमन ह्यांनी १८३० नंतरच्या दहा वर्षांत त्यांचा बंदोबस्त केला, हे इतिहासात नमूद आहे. मग जे होते ते दाखविले तर खोटे काय? आम्ही उत्तर देतो की, वाटसरूंस लुटून मारणारे दरोडेखोर होते, हे खरे. परंतु तो एक धर्मपंथच होता की पोटासाठी दरोडे घालणाऱ्या निरनिराळ्या टोळ्या होत्या, ह्याविषयी आजच्या इतिहासकारांत मतभेद आहे. शिवाय ज्या देशात कोट्यवधी लोक राहतात, त्याच्या कथेत प्रत्येक वेळी शंभर वर्षांपूर्वीचे दरोडेखोरच पुढे आणावयाचे आणि इतर सर्वांस पडद्याआड ठेवावयाचे, हा न्याय कोणता? आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करितात, आणि ते योग्यच आहे, कारण सर्व शिते एकाच भांड्यात, एकाच विस्तवावर शिजलेली असतात. मनुष्ये तशी शिजत नाहीत. एका बापाचे दोन मुलगे सारखे निघत नाहीत. मग एका माणसावरून सबंध लोकांची परीक्षा कशी व्हावी? साक्षीदाराने खरे बोलावे एवढेच पुरे नाही. अर्धे खरे सांगून अर्धे गिळणारा साक्षीदारही निरपराध्यास तुरुंगात धाडू शकतो.

दुसरा आक्षेप असा की, हे सर्व लटके आहे हे प्रेक्षकास ठाऊक असते. मग फसवणूक कोणाची? आमचा अनुभव सांगतो की, मनुष्य कथा विसरतो, पण चित्र विसरत नाही. नायकाचे नाव, कथेचा शेवट, कोणी कोणास वाचविले, हे सर्व महिन्याभरात पुसले जाते. परंतु दूरच्या लोकांचे जे भेसूर तोंड एकदा मनात बसले, ते बसलेच राहते. जेथे खरी ओळख आहे तेथे ते टिकत नाही. आपल्या गावाचे चित्र कोणी वेडेवाकडे काढिले तर आपण हसून सोडून देऊ, कारण खरे गाव आपल्या डोळ्यांसमोर असते. परंतु ज्या लोकांस आपण कधी पाहिलेच नाही, त्यांच्या बाबतीत त्या चित्राशी ताडून पाहावयास आपणापाशी दुसरे काहीच नसते. म्हणून जितका मनुष्य दूर, तितकी त्याच्याविषयीची थट्टा अधिक घातक. दुरून डोंगर साजरे दिसतात असे आपण म्हणतो. माणसे मात्र दुरून साजरी दिसत नाहीत.

येथपर्यंत वाचून आमच्या पुष्कळ वाचकांस परदेशी चित्रपटकारांचा राग आला असेल. त्यांस आमची विनंती आहे की, तो राग किंचित आवरावा, कारण आता आपली पाळी आहे.

'टारझन' हे नाव खेड्यापाड्यांतील मुलांसही ठाऊक आहे. एडगर राइस बरोज ह्या अमेरिकन लेखकाने १९१२ साली ती कथा प्रसिद्ध केली. ते आयुष्यात कधीही आफ्रिकेस गेले नव्हते. तिच्यावरून १९३२ मध्ये निघालेल्या प्रसिद्ध बोलपटाचे बहुतेक चित्रीकरण कॅलिफोर्नियात झाले. ह्या चित्रपटांतील हत्तींची एक मौज सांगण्यासारखी आहे. आफ्रिकेतील हत्तींचे कान फार मोठे असतात, पण शिकविलेले हत्ती मिळत ते आपल्याकडील लहान कानांचे. तेव्हा त्या हिंदी हत्तींस मोठे कृत्रिम कान बांधून त्यांस आफ्रिकी बनविण्यात आले. वाचकहो, ह्या प्रकारच्या चित्रपटांत माणसांचेही असेच होते. निर्मात्यास जे लोक हवे असतात त्यांचे कान अगोदरच त्याच्या पेटीत तयार असतात. मग समोर हिंदी असो, अरब असो, चिनी असो की आफ्रिकी, ते त्यास बांधावयाचे एवढेच काम उरते.

आणि हे कान आम्हीही मोठ्या हौसेने विकत घेतले. मुंबईच्या एका चित्रसंस्थेने १९३७ मध्ये 'तुफानी टारझन' नावाचा बोलपट काढिला. त्यानंतर कित्येक हिंदी चित्रपटांत अंगास कोळसा फासून, कमरेस पाने बांधून, अर्थहीन शब्द ओरडीत नायकाभोवती नाचणारे 'जंगली' लोक आम्ही पाहिले, हसलो आणि घरी गेलो. हे कोणत्या देशाचे, कोणती भाषा बोलणारे, हे आम्ही विचारिले नाही. आमच्याच डोंगरांतील आदिवासी बांधवांस ते पाहून काय वाटत असेल, हेही आम्ही विचारिले नाही. 'गंगा दीन' पाहून ज्यांच्या डोळ्यांत संतापाचे पाणी आले, त्यांचीच नातवंडे ह्या नाचावर टाळ्या वाजवू लागली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कारटे, ही म्हण आपण दुसऱ्यांस लावतो. ती येथे आपणांस लागू पडते.

ह्यात नुकसान काय, असे विचारणाऱ्यास आम्ही २०१७ सालच्या मार्च महिन्यातील गोष्ट सांगतो. दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडा येथे एक शाळकरी मुलगा नाहीसा झाला. त्याच्या शेजारी नायजेरियाचे काही विद्यार्थी राहत असत. त्यांनी मुलास मारून खाल्ले, असा संशय लोकांनी घेतला आणि त्यांच्या घरात शिरून शोध चालविला. मुलगा पुढे जिवंत परत आला, परंतु प्रकृती बिघडून लवकरच मरण पावला. त्या बिचाऱ्या आईबापांच्या दुःखाविषयी कोणास कळवळा येणार नाही? पोलिसांनी त्या विद्यार्थ्यांस पकडिले आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिले. तथापि त्यानंतर जमाव रस्त्यावर उतरला आणि ज्यांचा त्या घराशी काडीचाही संबंध नव्हता अशा आफ्रिकी विद्यार्थ्यांस भर बाजारात काठ्यांनी व खुर्च्यांनी मारण्यात आले. हे एखाद्या चित्रपटामुळे घडले असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे आम्हीच खोटी साक्ष देण्यासारखे होईल. आम्ही एवढेच विचारितो की, मूल हरवले असता शेजारचा मनुष्य चोर असेल, खुनी असेल, अशी शंका एक वेळ येईल. परंतु त्याने मूल खाल्ले, ही शंका येण्यास ती आधी कोठून तरी मनात पेरलेली असावी लागते. ते बी कोणी पेरिले? ज्याने पेरिले त्यास मारावयाचे नव्हते, त्यास केवळ हसवावयाचे होते. परंतु बी पेरणाऱ्याचा हेतू विचारून उगवत नाही.

आता तिसरा आक्षेप. पुष्कळदा म्हणतात की, ज्या लोकांचा अपमान झाला असे तुम्ही म्हणता, त्यांच्यापैकीच कोणी तरी त्या चित्रपटात काम केलेले असते. हे खरे आहे. १९८४ च्या त्या चित्रपटातील क्रूर पुजारी आपले अमरीश पुरी हेच होते. परंतु ह्या बाबतीत घाईने न्याय करू नये. म्हैसूर संस्थानातील एका माहुताच्या मुलाची हकीकत पाहावी. सबू नावाचा हा पोरका मुलगा १९३७ मध्ये 'एलिफंट बॉय' ह्या चित्रपटात चमकला आणि अल्पावधीत जगप्रसिद्ध झाला. तो इंग्लंडास गेला, मग अमेरिकेस गेला, १९४४ मध्ये तेथील नागरिक झाला आणि दुसऱ्या महायुद्धात त्याने बाँबफेकी विमानात तोफची म्हणून काम करून शौर्यपदक मिळविले. असा पुरुष युद्धाहून परत आल्यावर चित्रपटधंद्याने त्यास काय दिले? तेच अरण्य, तेच हत्ती, तोच उघड्या अंगाचा पोर. तो १९६३ मध्ये, अवघ्या ३९ व्या वर्षी, मरण पावला. ज्यास एकच दार उघडे ठेविले आहे, त्याने त्या दारातून आत जावे ह्याबद्दल त्यास दोष देण्यापूर्वी इतर दारे कोणी बंद केली, हे पाहणे उचित होय.

मग उपाय काय? सरकारने असे सर्व चित्रपट बंद करावे, असे काही सुचवितील. बंदीचा उपाय १९३९ मध्ये करून झाला आहे. हल्ली तर प्रत्येक घरी मोबाइल आहे; ज्या चित्रास दारातून मज्जाव करावा ते खिशातून आत येते. कागदावरच्या नियमांचीही हीच गत. अमेरिकेच्या चित्रपटधंद्याने १९३० मध्येच स्वतःसाठी एक नियमावली केली होती आणि सर्व राष्ट्रांचे लोक व त्यांच्या संस्था न्याय्य रीतीने दाखवाव्या, असे तीत स्पष्ट कलम होते. त्या कलमाच्या अमलातच 'गंगा दीन' निघाला. ह्यावरून असे दिसते की, ज्याची तक्रार ऐकू येत नाही त्याच्यासाठी नियम जागा होत नाही.

तक्रार ऐकू आली म्हणजे काय होते, ह्याचेही एक उदाहरण आहे. १९९२ च्या 'अलादीन' ह्या चित्रपटातील आरंभीच्या गाण्यात अरबांच्या देशात मनुष्याचे कान कापितात अशा अर्थाची ओळ होती. अमेरिकेतील अरब नागरिकांनी तिचा सभ्यपणे पण चिकाटीने निषेध केला, आणि १९९३ मध्ये घरी पाहावयाच्या आवृत्तीत ती ओळ बदलण्यात आली. एक ओळ ही फार मोठी गोष्ट नव्हे; परंतु ज्या लहान अरब मुलास वर्गात त्या ओळीवरून चिडवीत असतील, त्याच्या दृष्टीने ती लहानही नव्हे.

आपण खेड्यातील माणसे अमेरिकेस पत्रे लिहावी, असे आम्ही सुचवीत नाही. आपले काम घराजवळचे आहे, आणि ते ह्याहून कठीण आहे. ज्या घरी, शाळेत किंवा समाजमंदिरात मुले एकत्र बसून असा चित्रपट पाहतात, तेथे वडील माणसाने रागे भरू नये आणि खेळही बंद करू नये. खेळ संपल्यावर चारच प्रश्न विचारावे. ह्या परक्या लोकांपैकी एकास तरी नाव होते काय? त्यांच्यापैकी कोणी आपल्या मुलाशी, आईशी किंवा मित्राशी बोलताना दिसला काय? त्यांचे जेवण व त्यांची उपासना आपणांस समजावी म्हणून दाखविली, की किळस यावी म्हणून? आणि त्यांच्या संकटातून त्यांस सोडविणारा त्यांच्यातलाच कोणी होता, की बाहेरूनच आणावा लागला? ज्या चित्रात माणसास नाव नाही, आई नाही, स्वयंपाकघर नाही आणि स्वतःचे हातपायही नाहीत, ते माणसाचे चित्र नव्हे. ते बुजगावणे होय. बुजगावण्यास पाखरे भितात. आपण मनुष्ये आहो.

आम्ही स्वतः हे प्रश्न एका गावी मुलांस विचारून पाहिले. पहिल्या तिन्ही प्रश्नांस त्यांनी पटापट उत्तरे दिली. चौथ्या प्रश्नावर एक दहा-अकरा वर्षांची मुलगी काही वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "पण मग त्यांच्या गावात कोणी शहाणं नव्हतंच का?" आम्हांस वाटते, आमच्या ह्या सबंध लेखापेक्षा त्या मुलीचा प्रश्न मोठा आहे. प्रत्येक गावात कोणी तरी शहाणा असतो, कोणी तरी धीट असतो, कोणी तरी रडणाऱ्या मुलास उचलून घेणारा असतो. मग ते गाव सातपुड्यातले असो, काँगो नदीकाठचे असो की अरबस्तानातले असो. जी कथा हे नाकारते ती, कितीही रंजक असली तरी, आपल्या शेजाऱ्याविरुद्ध साक्ष देत आहे, हे आपण ओळखावे.

पुण्याच्या त्या दोन विद्यार्थ्यांचे पुढे काय झाले, हे विचारणारे वाचक असतील, म्हणून सांगतो. त्या दिवशी आमच्या तरुणाने आपल्या वाटीतील रस्सा आधी स्वतः खाऊन दाखविला आणि मग खोलीच्या दाराशी सरकविलेल्या ट्रंकेची गोष्ट आपण होऊन त्यास सांगितली. दोघेही लाजले आणि दोघेही हसले. ती ट्रंक त्या रात्रीपासून पुन्हा खाटेखाली गेली. वाचकहो, आपणांपैकी प्रत्येकाच्या मनाच्या दाराशी अशी एखादी ट्रंक सरकविलेली आहे. ती कोणी आणून ठेविली ह्याचा शोध अवश्य करावा. परंतु ती बाजूस सारण्याचे काम मात्र ज्याचे त्यानेच करावयाचे आहे.